माग्दा ओलिव्हेरो: पासष्टाव्या वर्षी मेटमध्ये पदार्पण, गळ्याला हे जमतं कसं?

ऋजुता_सातारा

नमस्कार मंडळी. मी ख्याल शिकते, ऑपेरा फक्त हौसेने ऐकते. सध्या ‘तोस्का’ या ऑपेरातलं ‘विस्सी दार्ते’ हे पद एकामागून एक वेगवेगळ्या गायिकांचं ऐकायचा नाद लागलाय. मारिया कॅलास, रेनाता तेबाल्दी, लिओन्टिन प्राइस ऐकून झाल्या आणि पुढे माग्दा ओलिव्हेरो हे नाव आलं. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा, साल १९७५. नंतर शोधलं तेव्हा कळलं की त्या वेळी बाई पासष्ट वर्षांच्या होत्या आणि मेटमध्ये पहिल्यांदाच उभ्या राहत होत्या! शिवाय मध्ये दहा वर्षं त्यांनी रंगमंच सोडला होता.

आपल्याकडेही सत्तरी-ऐंशीत गाणारे आहेत, पण वयाबरोबर ते पट्टी उतरवून घेतात. तिथे असं करता येतं का? दहा वर्षं सोडलेला गळा पुन्हा त्याच ताकदीने कसा लागला? आणि एक मनापासून विचारते, पहिल्यांदा ऐकताना मला तो आवाज गोड वाटला नाही. बारीक, थरथरता, कधीकधी टोचणारा. तरी बंद करवेना. हे काय आहे? कुणी नीट ऐकलं असेल तर सांगा, आणि सुरुवात कुठून करू तेही.

मंगल_तोरिनो

ऋजुता, तुझ्या प्रश्नाने मला फार आनंद झाला. मी बरीच वर्षं इटलीत तोरिनोत आहे, इथल्या एका हौशी कोरसमध्ये आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाते, आणि माग्दा म्हणजे आमच्या भागातली बाई. तिचं जन्मगाव सालुत्सो इथून दक्षिणेला, मोनव्हिसो डोंगराच्या पायथ्याशी. तिच्या नावाचं नाट्यगृह आहे तिथे.

आधी पट्टीचं, कारण सगळं तिथेच अडतं. उतरवता येत नाही. मैफलीत किंवा एखाद्या सुट्या पदात अर्धा स्वर खाली घेतल्याची उदाहरणं आहेत, पण एका गायिकेचं वय झालं म्हणून अख्खा ‘तोस्का’ कुणी खाली आणत नाही. संगीतकार पुच्चिनीने लिहिलेल्या सुरातच भला मोठा वाद्यवृंद वाजवणार. ‘विस्सी दार्ते’ शेवटाकडे बी-फ्लॅटवर चढतं, आणि तिसऱ्या अंकात तोस्का आपण सुरा कसा खुपसला ते प्रियकराला सांगते, तिथे थेट वरचा सी आहे. समोर जवळजवळ ३,८०० माणसांचं प्रेक्षागृह, माइक नाही. आपले बुजुर्ग गायक अर्धी-एक पट्टी उतरवतात, ताना कमी करतात, आलापीवर भर देतात. ते शहाणपणच आहे आणि त्यातूनही मोठं गाणं होतं. ऑपेराच्या गायिकेला ती मुभा नाही. तिने लिहिलेलं सगळं गायचं, नाहीतर घरी बसायचं. म्हणून बहुतेक सोप्रानो, म्हणजे सगळ्यात उंच आवाजाच्या गायिका, पन्नाशीत थांबतात. तेबाल्दीने मेटमधला शेवटचा प्रयोग केला जानेवारी १९७३ मध्ये, पन्नाशीला आल्यावर. तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी असलेली माग्दा त्यानंतर दोन वर्षांनी तिथे पहिल्यांदा उभी राहिली. तारीख ३ एप्रिल १९७५. पासष्टावा वाढदिवस २५ मार्चला झालेला, म्हणजे जेमतेम दीड आठवड्यापूर्वी.

आता हे जमलं कसं. याचं उत्तर १९७५ मध्ये सापडत नाही, १९३० च्या आसपास सापडतं.

माग्दा न्यायाधीशाची मुलगी, सुखवस्तू घरातली. तोरिनोत त्या काळी इटलीच्या रेडिओचं मोठं केंद्र होतं. तिथे ती आवाजाच्या चाचणीला गेली. निकाल असा मिळाला की या मुलीकडे आवाज नाही, सांगीतिक समज नाही, व्यक्तिमत्त्व नाही, हिने दुसरा काहीतरी उद्योग बघावा. पुन्हा चाचणी झाली, पुन्हा तेच. पण त्या वेळी खोलीत लुईजी जेरुस्सी नावाचा गानशिक्षक बसला होता. त्याला त्या नसलेल्या आवाजात काहीतरी दिसलं. तो म्हणाला, हिला मी शिकवतो.

त्याने पहिल्यांदा हातात घेतला तो श्वास. इटालियन गायकीत ‘आप्पोज्जो’ म्हणतात. सूर सोडताना छाती आणि बरगड्या पटकन मिटू द्यायच्या नाहीत, श्वासपटलाचा आधार धरून हवा अगदी काटकसरीने खर्चायची. आमची शिक्षिका हे शिकवताना माझ्या खालच्या बरगड्यांवर दोन्ही बाजूंनी तळवे ठेवते. सूर संपेपर्यंत तिचे तळवे आत येता कामा नयेत. चार मात्रांपर्यंत सगळ्यांना जमतं. आठव्या मात्रेला कंबरेच्या वरचा पट्टा थरथरायला लागतो आणि मग घसा मदतीला धावतो. घसा आवळला की संपलं. जेरुस्सी माग्दाला नेमकं तिथेच धरून ठेवायचा. ‘जमत नाही’ असं म्हणायची तिला सोय नव्हती. रडली तरी पुन्हा सुरुवातीपासून. तिनेच पुढे मुलाखतींतून हे सांगितलंय, आणि त्यात गुरूविषयी तक्रार नाही, कृतज्ञता आहे.

हा पाया झाला. त्यामुळे तिच्या आयुष्याला ‘चमत्कार’ म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. चमत्कार म्हटलं की तिची ती वर्षं पुसली जातात.

१९३२ मध्ये रेडिओवर पहिलं गाणं, १९३३ मध्ये तोरिनोतच ‘जान्नी स्किक्की’मधली लाउरेत्ता, आणि मग गाडी सुरू झाली. १९३८ मध्ये ‘तुरांदोत’ची पहिली संपूर्ण रेकॉर्ड निघाली. त्यात राजकन्या जीना चिन्या, आणि दासी लिऊ म्हणजे माग्दा. अठ्ठावीस वर्षांची. तुला गोडवा हवा असेल तर तो त्यात आहे. पुढचं उद्या लिहिते, इथे रात्र झाली.

जयंत_दादर

मंगलताई, माहिती उत्तम. पण मी स्पष्ट लिहितो, मला ही बाई ऐकवत नाही. ऋजुताला जे पहिल्यांदा वाटलं तेच बरोबर आहे. कंप सतत, आवाज बारीक, आणि जिथे तिथे हुंदके. तेबाल्दी ऐकल्यावर कान कसा निवतो! वाद्यवृंद संचालक तोस्कानिनीने उगाच नाही १९४६ मध्ये मिलानोचं ला स्काला नाट्यगृह पुन्हा उघडलं तेव्हा चोवीस वर्षांच्या तेबाल्दीला उभं केलं. ऑपेरा हे शेवटी गाणं आहे. गाण्यात आवाज सुंदर नसेल तर बाकी कितीही अभिनय करा, माझ्या लेखी ते अपुरं. मुंबईच्या एनसीपीएमध्ये मेटच्या प्रयोगांचं चित्रण दाखवतात ते मी नेमाने बघत आलोय, तिथेही मी डोळे मिटून ऐकतो.

प्रसाद_फोंडा

जयंतराव, डोळे मिटून ऑपेरा? आमच्या गोव्यात देवळापुढच्या उत्सवी नाटकात कुणी डोळे मिटून बसलं तर नट विचारतील, झोपलास काय रे!

मंगलताई, मला त्या दहा वर्षांच्या खंडाबद्दल विचारायचं आहे, तो लग्नामुळे पडला असं वाचलंय. इतकी चालत असताना तिने रंगमंच का सोडला? नवऱ्याने मनाई केली का? आमच्याकडे अशा गोष्टी घराघरांत ऐकलेल्या आहेत, म्हणून विचारतो.

मंगल_तोरिनो

प्रसाद, मनाई नव्हती. १९४१ मध्ये तिने आल्दो बुश या उद्योजकाशी लग्न केलं आणि रंगमंच सोडायचं तिने स्वतः ठरवलं. तिला संसार हवा होता, मुलं हवी होती. मुलं झाली नाहीत. बाहेर युद्ध सुरू होतं. ऐन एकतिसाव्या वर्षी, सोप्रानोचा आवाज जेव्हा भरायला लागतो तेव्हा, ती थांबली. आणि याच नवऱ्याच्या सोबतीत ती पुढे तीस वर्षं जगभर गायली. तो १९८३ मध्ये गेला.

परत कशी आली ते मात्र सविस्तर सांगायलाच हवं.

फ्रान्चेस्को चिलेआ हा संगीतकार. त्याचा ‘आद्रियाना लेकुव्ह्रर’ हा ऑपेरा १९०२ मध्ये मिलानोत पहिल्यांदा झाला, तेव्हा नायक होता तरुण कारुसो. गोष्ट अठराव्या शतकातल्या पॅरिसची. आद्रियाना ही खरोखर होऊन गेलेली नटी, सरदार मॉरित्सियोवर तिचं प्रेम, आणि त्याच माणसावर एका राजघराण्यातल्या बाईचाही डोळा. लग्नाआधी माग्दा ही भूमिका गायली होती आणि चिलेआच्या मते त्याची आद्रियाना तीच. म्हातारपणी, आजारी असताना, त्याने तिच्यामागे लकडा लावला की पुन्हा एकदा आद्रियाना गा, मला ऐकायची आहे. कलावंताचं प्रेक्षकांशी काही देणं असतं, असं त्याचं म्हणणं. तिने होकार दिला. २० नोव्हेंबर १९५० ला चिलेआ वारला. ३ फेब्रुवारी १९५१ ला ब्रेशियामध्ये माग्दा आद्रियाना म्हणून उभी राहिली. अडीच महिन्यांची चुकामूक.

मला हे लिहितानाही घशात दाटून येतं. ज्याच्या शब्दाखातर ती परतली त्याने ते ऐकलं नाही, आणि आज आपण जे ऐकतो ते सगळं त्याच्या त्या आग्रहामुळे उरलं आहे.

जयंतराव, आता तुमच्याकडे. तेबाल्दीचा आवाज मलाही अतिशय प्रिय आहे, त्यावर वाद नाही. माग्दाचा आवाज तसा नाही हेही मान्य. तिला स्वतःलाही ते ठाऊक होतं. कंप जलद आहे, जुन्या पद्धतीचा, आणि रेकॉर्डवर तो जास्त बोचतो. पण ‘बाकी अभिनय’ असं तुम्ही म्हणालात तिथे मी थांबवते. ती आवाजाच्या उणिवेवर अभिनयाचं पांघरूण घालत नाही. ती जे करते ते सुरातच करते.

‘आद्रियाना’चा चौथा अंक घ्या. आद्रियानाच्या हातात एक पेटी येते. उघडते तर आत वाळलेली व्हायोलेटची फुलं. तिनेच ती मॉरित्सियोला दिली होती. तिला वाटतं, त्याने परत पाठवली. खरं तर राजघराण्यातल्या त्या बाईने त्यांना विष लावून पाठवलंय. आद्रियाना फुलांशी बोलते, त्यांचं चुंबन घेते आणि जाळात टाकते. ‘पोव्हेरी फियोरी’, बिचाऱ्या फुलांनो. काल उमललेली, आज मरू घातलेली. बहुतेक गायिका हे पद सुंदर दुःखात गातात, एकसंध. माग्दा पहिली ओळ जवळजवळ बोलण्याच्या आवाजात घेते, सुराला नुसतं टेकून. मग ‘मरू घातलेली’ यावर आवाज इतका बारीक करते की आता तुटेल असं वाटतं, आणि तो तुटत नाही. श्वास चालूच असतो. तिथूनच, मध्ये दम न घेता, ती आवाज फुगवत नेते, भरदार करते आणि पुन्हा निवळत आणते. शेवटी ‘सारं संपलं’ म्हणते तेव्हा स्वर छातीत उतरलेला असतो, काळा.

ऋजुता, तुला कळेल. एकच स्वर दाबापासून बारकाव्यापर्यंत नेणं आणि परत आणणं, सूर हलू न देता. तरुण, सुंदर आवाजालाही हे दरवेळी साधत नाही. दमसास नसेल तर सुंदर आवाज फक्त एका वजनाने गाऊ शकतो. माग्दाला शंभर वजनं होती. तुला बंद करवेना ते यामुळे.

आणि प्रसाद, तुम्हाला आवडेल असं एक. तिसऱ्या अंकात आद्रियाना भर मेजवानीत ‘फेद्र’ या फ्रेंच शोकांतिकेतलं स्वगत म्हणते, म्हणते म्हणजे बोलतेच, वाद्यवृंद खाली वाजत असतो. त्यातल्या वाक्यांनी ती समोर बसलेल्या प्रतिस्पर्धिणीचा चारचौघांत अपमान करते. पुष्कळ सोप्रानोंची इथे फजिती होते, कारण गायला शिकलेल्या असतात, बोलायला नाही. माग्दा गद्य बोलते तेव्हा पद्याचा ताल त्यात असतो. मी लहानपणी संगीत नाटकं पाहिली आहेत, पदातून गद्यात आणि गद्यातून पदात जाताना सांधा कळू न देणारे नट मला आठवतात. ती जात हीच.

जयंत_दादर

‘पोव्हेरी फियोरी’ पुन्हा ऐकलं. श्वासाबद्दल तुम्ही म्हणता ते निर्विवाद. आवाजाबद्दल माझं मत तेच आहे. पण एक विचारतो. ही बाई एवढी होती तर रेकॉर्ड कंपन्यांनी तिला का विचारलं नाही? दुकानात कॅलास, तेबाल्दी, मिलानोव्ह सगळ्या मिळायच्या. हिचं काही दिसायचं नाही.

मंगल_तोरिनो

बरोबर नेम धरलात. तिची स्टुडिओत केलेली संपूर्ण ऑपेराची रेकॉर्डिंग्ज दोनच, १९३८ चा ‘तुरांदोत’ आणि १९६९ मध्ये डेक्काने केलेला ‘फेदोरा’, मारियो देल मोनाको आणि तीतो गोब्बी यांच्याबरोबर. दोन्हींच्या मध्ये एकतीस वर्षं. ती परतली तेव्हा पन्नासच्या दशकात डेक्काकडे तेबाल्दी, ईएमआयकडे कॅलास. दोघींभोवती चाहत्यांचे तट पडलेले. चाळिशी ओलांडलेल्या, तेजस्वी पण गोड नसलेल्या आवाजावर पैसे कोण लावणार? मला हा त्या कंपन्यांचा मोठा अन्याय वाटतो.

तिला वाचवलं ते प्रेक्षकांनी. लोक नाट्यगृहात टेपरेकॉर्डर घेऊन जायचे, रेडिओवरचे प्रयोग उतरवून घ्यायचे, आणि त्या फिती हातोहात फिरायच्या. आज तिचं जे काही ऐकायला मिळतं त्यातलं बहुतेक असंच, थेट प्रयोगातलं. त्यात खोकले आहेत, पावलांचे आवाज आहेत, टाळ्यांत बुडालेल्या ओळी आहेत. पण तिच्यासारखीसाठी हेच बरं झालं. समोर माणसं असताना ती पेटायची.

अमेरिकेत तिला पहिल्यांदा बोलावलं डॅलसने, १९६७ मध्ये, केरुबिनीच्या ‘मेदेआ’साठी. मेटला अजून आठ वर्षं लागली, आणि तेही मेरिलिन हॉर्नसारख्या मोठ्या गायिकेने तिची शिफारस केल्यावर. तिथे त्या मोसमात तिचे ‘तोस्का’चे तीनच प्रयोग झाले.

ऋजुता_सातारा

ताई, तुम्ही लिहिलेलं छापून वहीत लावलंय. पट्टीचं वाचून मी गुरुजींना विचारलं, ते म्हणाले की खर्जाचा रियाज सुटला नसेल तर गळा बरीच वर्षं साथ देतो, पण लिहिलेला वरचा सूर रोज त्याच जागी लावणं ही निराळीच परीक्षा आहे.

एक शंका राहिली. दहा वर्षांच्या खंडाने आवाज वाचला असं काही ठिकाणी लिहिलंय. विश्रांती मिळाली म्हणून ती पासष्टीत गाऊ शकली, असं. तुम्हाला पटतं का?

मंगल_तोरिनो

अर्धंच पटतं. तिशीच्या दशकात ती भरपूर गात होती, त्या वेगाने आणखी दहा वर्षं काढली असती तर पन्नाशीत आवाज झिजला असता हे शक्य आहे. पण नुसत्या विश्रांतीने आवाज टिकत असता तर लग्नानंतर गाणं सोडलेल्या आपल्या किती मावश्या-आत्या आज गात असत्या! स्नायू न वापरता ठेवला तर तो जातो. तिला परत येताना श्वासाची पद्धत ठाऊक होती, कुठून धरायचं ते माहीत होतं, म्हणून आवाज सापडला. शिवाय परतल्यावर ती तीस वर्षं गायली आहे. खंडाच्या तिप्पट. ती तीस वर्षं विश्रांतीची नव्हती. ‘मेदेआ’, ‘फेदोरा’, ‘ईरिस’, ‘फ्रान्चेस्का दा रिमिनी’, सगळ्या गळा फाडणाऱ्या भूमिका.

रंगमंचावरची शेवटची ऑपेरा १९८१ मध्ये व्हेरोनात, पूलँकची ‘मानवी आवाज’. एकटी बाई आणि टेलिफोन, पलीकडे सोडून चाललेला प्रियकर. पाऊण तास दुसरं पात्र नाही. वय सत्तरीच्या घरात. १९९३ मध्ये, त्र्याऐंशीव्या वर्षी, पियानोच्या साथीवर ‘आद्रियाना’चे भाग पुन्हा ध्वनिमुद्रित केले. आणि नव्याण्णवाव्या वर्षी ‘फ्रान्चेस्का’मधला तुकडा कॅमेऱ्यासमोर गायली, ती चित्रफीत आंतरजालावर आहे. त्यात सूर कुठे डळमळतो, पण वाक्य एका श्वासात पूर्ण होतं. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये मिलानोत गेली, १०४ वर्षांची होऊन.

आता सुरुवात कुठून करायची ते. १९७५ पासून नको. आधी १९३८ ची लिऊ ऐक, म्हणजे मूळ आवाज कानात बसेल. मग १९५९ चा नापोलीच्या सान कार्लोमधला ‘आद्रियाना’. तेबाल्दी आजारी पडली म्हणून माग्दाला आयत्या वेळी बोलावलं होतं. बरोबर फ्रांको कोरेल्ली, जुलिएत्ता सिमियोनातो, एत्तोरे बास्तियानीनी, एकाहून एक. जयंतराव, तुम्हीही हाच ऐका, कोरेल्लीसाठी तरी. सलग बसून ऐकायचा, सुटी पदं नाहीत, कारण चौथ्या अंकातली फुलं ही पहिल्या अंकात दिलेली असतात. संहिता आधी वाचून घे. इटालियन येत नसलं तरी चालेल, प्रत्येक पानावर काय घडतंय एवढं माहीत हवं. अडलं तर मला विचार, मी ओळीओळीचा अर्थ मराठीत लिहून पाठवेन. ‘फेदोरा’ त्यानंतर, आणि ‘तोस्का’ सगळ्यात शेवटी.

प्रसाद_फोंडा

ताई, तो मराठी अर्थ इथेच टाका ना, सगळ्यांना होईल. तिसऱ्या अंकातलं स्वगत आधी.

मंगल_तोरिनो

टाकते. रविवारी बसते लिहायला. स्वगत आणि ‘पोव्हेरी फियोरी’ दोन्ही.